झोपताना राहिलेलं काम

लॅपटॉपचं झाकण मिटायला सेकंदही लागत नाही. मिटल्यावर आत जे घडतं, त्यात निपाणीच्या एका अभियंत्याच्या नोकरीची वीसेक वर्षं गेली. यंत्र झोपतं कसं, उठतं कसं आणि झोपलेलं यंत्र उठतच नाही तेव्हा दोष कुठे शोधायचा, हा त्यांचा व्यवसाय. आधी बंगळुरात, आता बेळगावात टिळकवाडीतल्या घरातून. नातेवाइकांना हे समजावून सांगणं त्यांनी केव्हाच सोडून दिलंय. निपाणीतले एक मामा सगळ्यांना सांगतात, "आमचा भाचा बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करतो." इतकं थोडक्यात भाच्याला स्वतःलाही कधी सांगता आलेलं नाही.

काम लिनक्सच्या कर्नलमधलं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा, कीबोर्ड यांचा कारभार तिथून चालतो. झाकण मिटलं की कर्नल आधी चालू असलेले सगळे प्रोग्राम गोठवतो. मग एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या कोडला, आवरायला सांगतो, एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद करतो आणि शेवटी यंत्राचा ताबा फर्मवेअरकडे, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रामकडे, देतो. वीज उरते ती जवळपास फक्त मेमरीला, तीही आतला मजकूर टिकवण्यापुरती. या अवस्थेला एस-थ्री म्हणतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचं मानक काढलं, त्यातली ही अवस्था. उठताना हेच सगळं उलट क्रमानं. इंटेल घराण्यातला प्रोसेसर यातून जागा होतो तो थेट १९७८ सालच्या ८०८६च्या थाटात, सोळा बिटांच्या जगात. आपण चौसष्ट बिटांचे आहोत, आपल्यापाशी गिगाबाइटांनी मेमरी आहे, याची त्याला पायरीपायरीनं आठवण करून द्यावी लागते.

या वाटेत यंत्र कुठेही अडकलं तरी बाहेरून दिसतं ते एकच, काळा पडदा. कर्नलच्या इतर दोषांत निदान शेवटची ओळ पडद्यावर उरते. इथे पडदा अजून उठलेला नसतो, नेटवर्क उठलेलं नसतं, आणि बिघाडाची नोंद जिच्यावर व्हायची ती डिस्कही झोपलेली असते. वैतागून पॉवरचं बटण दाबून धरलं की मेमरीत जे काही होतं तेही पुसलं जातं.

अर्थात पडदा काळा म्हणजे यंत्र गेलंच असंही नव्हे. त्यांनी पहिल्याच वर्षी उचललेली सवय म्हणजे कॅप्स लॉकची कळ दाबून बघणं. दिवा लागला तर कर्नल जिवंत आहे, फक्त पडद्याचं काहीतरी बिनसलंय. मग शेजारच्या यंत्रावरून पिंग करून बघायचं. २००६-०७च्या सुमारास निम्म्याअधिक तक्रारी या जातीच्या असायच्या. ग्राफिक्स कार्ड जागं करण्याची जबाबदारी नक्की कोणाची, यावरच एकमत नव्हतं. फर्मवेअर म्हणे कर्नलनं करावं, कर्नल म्हणे खिडक्या रंगवणाऱ्या प्रोग्रामनं करावं. लोक कार्डाचं बायॉस पुन्हा चालवणाऱ्या युक्त्या एकमेकांना सांगत. एका लॅपटॉपला लागू पडलेली दुसऱ्याला मारक ठरे. मार्च २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ आलं आणि इंटेलच्या ग्राफिक्सपुरता तरी पडद्याचा कारभार कर्नलनं स्वतःकडे घेतला. त्यानंतर त्यांच्या टेबलावरच्या काळ्या पडद्यांची संख्या झपाट्यानं घटली. उरले ते खरे कठीण.

कठीण प्रकारांसाठी त्यांच्या हाती जे हत्यार होतं, ते लिनस टॉरवाल्ड्‌सनं स्वतः २००६ मध्ये लिहिलेलं आहे. नाव पीएम ट्रेस. त्यामागची अडचण अशी, की यंत्र सक्तीनं बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ज्यात लिहिलेलं हमखास टिकेल असा एकच तुकडा उरतो, तो म्हणजे तारीख-वेळ सांभाळणारं घड्याळ. त्या चिपमध्ये थोडी मेमरीही असते, पण यंत्र सुरू होताना फर्मवेअर ती साफ करतं. तेव्हा निरोप लिहायचा तो घड्याळाच्या तारखेतच. सेकंद वापरता येत नाहीत, कारण यंत्र अडकल्यापासून ते पुन्हा सुरू होईपर्यंत मिनिटभर सहज जातं. मिनिटंही तीन-तीनच्या टप्प्यांनीच. दिवस २८पर्यंतच, नाहीतर फेब्रुवारीत तारीख खोटी ठरायची. शंभर वर्षं, बारा महिने, अठ्ठावीस दिवस, चोवीस तास आणि मिनिटांचे वीस टप्पे यांचा गुणाकार होतो १ कोटी ६१ लाख २८ हजार. म्हणजे चोवीस बिटांहूनही थोडी कमी जागा. त्यात उपकरणाच्या नावाचा सारांश १००९ पैकी एक, कोडमधल्या जागेचा ९९७ पैकी एक आणि वापरणाऱ्याला हवी ती खूण १६ पैकी एक, असं बसवलंय. या तिन्हींचा गुणाकार करून पाहिला तर तो आधीच्या आकड्याच्या जेमतेम खाली येतो. ही काटकसर पाहून ते आजही खूश होतात.

वापरायची रीत साधी. ट्रेस चालू करून झोपवायचं, उठवायचं, अडकलं की बटण दाबून बंद करायचं आणि लगेच सुरू करायचं. तीन मिनिटांच्या आत, नाहीतर घड्याळ पुढे सरकून निरोप बदलतो. मग कर्नलच्या लॉगमध्ये जुळणाऱ्या फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि उपकरणाचं नाव मिळतं. कधी एकाच खुणेला दोन उपकरणं जुळतात, मग तर्क चालवायचा. दुष्परिणाम म्हणजे घड्याळात भलतीच तारीख राहते. भविष्यातल्या तारखेमुळे फाइल सिस्टिमची तपासणी उगाच सुरू होते, बँकेच्या वेबसाइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं कालबाह्य ठरतात. घरच्यांना त्यांच्या लॅपटॉपवर रेल्वेचं तिकीट काढण्याची परवानगी नव्हती, ती एवढ्याचसाठी.

पण पीएम ट्रेस सांगतं ते यंत्र कुठे पडलं एवढंच. का पडलं ते बहुतेक वेळा दुसरीकडे असतं, आणि या धंद्यात मुरायला लागला तो वेळ इथेच. उठताना दिसलेला दोष पुष्कळदा झोपताना घडलेला असतो. ड्रायव्हरनं एखाद्या रजिस्टरमधली किंमत जपून ठेवली नाही, उपकरणाचं मेमरीत परस्पर लिहिणं थांबवलं नाही, इंटरप्ट बंद केला नाही. आणि त्याचा हिशेब चुकता होतो तो तासाभरानं, झाकण उघडल्यावर. साधं उदाहरण आवाजाचं. यंत्र उठतं, पडदा येतो, सगळं ठीक, फक्त स्पीकर मुका. वीज गेल्यावर ऑडिओ चिपची रजिस्टरं कारखान्यातून आलेल्या किमतींवर परत जातात आणि ड्रायव्हर मात्र आपली जुनी यादी अजून खरी धरून चालतो.

म्हणून ते झोपण्याच्या बाजूनं सुरुवात करतात. त्यासाठी कर्नलमध्ये पीएम टेस्ट नावाची सोय आहे. त्यात नुसते प्रोग्राम गोठवायचे, पाच सेकंद थांबायचं आणि परत सोडायचं. ते जमलं की उपकरणंही झोपवायची आणि उठवायची. मग फर्मवेअरची तयारी, मग प्रोसेसर, मग शेवटचा गाभा. खरी झोप कुठल्याच पायरीवर लागत नाही, त्यामुळे पडदा आणि लॉग बहुधा शाबूत राहतात. नवशिक्यांना ही पायरी कंटाळवाणी वाटते. थेट झाकण मिटून बघण्यात जास्त मजा आहे हे त्यांनाही मान्य.

पहिल्याच पायरीवर अडणारे दोषही कमी नसतात. गोठायला सांगितलेले प्रोग्राम वीस सेकंदांत गोठले नाहीत तर कर्नल झोपण्याचा बेत रद्द करतो. एका कार्यालयातले लॅपटॉप संध्याकाळी झाकण मिटल्यावर बॅगेत रात्रभर चालूच राहायचे. कारण निघालं दुसऱ्या सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर. माणसं आधी नेटवर्कची वायर काढत आणि मग झाकण मिटत. एखादा प्रोग्राम त्या फोल्डरातल्या फाइलची वाट बघत असा अडकून बसे, की त्याला ना मारता येई ना गोठवता येई. फोल्डर जोडण्याची पद्धत बदलली आणि तक्रार मिटली. कोडला हातही लावावा लागला नाही, त्यामुळे साहेबांना त्या कामाचं फारसं कौतुक वाटलं नाही.

वळण म्हणता येईल असा प्रसंग घडला तो बेळगावच्या उद्यमबागेत. तिथे त्यांच्या एका वर्गमित्राची फाउंड्री आहे. त्या दिवसांत त्यांच्यापुढे एका औद्योगिक बोर्डाचा दोष होता. झोपून उठल्यावर मधूनच टचस्क्रीन बोटाला दाद देत नसे. टचची चिप एका बसवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या वाहिनीवर, तिला वीज पुरवणारी चिप दुसऱ्या बसवर. कर्नलला उपकरणांचा वंशवृक्ष ठाऊक असतो. बस ही आई, तिच्यावरची चिप हे मूल. मूल आधी झोपतं, आई नंतर. त्या हिशेबानं सगळं बिनचूक दिसत होतं. फाउंड्रीत इंडक्शनची भट्टी नुकतीच रिकामी झाली होती, वीज बंद होती आणि पाण्याचा पंप मात्र धडधडत होता. यांनी विचारलं, आता हा कशाला चालू? मित्र म्हणाला, "लेका, लोखंड वतून झालं म्हणून पाणी बंद करतोस काय? कॉइल जळंल की!" भट्टीभोवतीची कॉइल तांब्याच्या नळीची असते, तिच्यातून पाणी फिरतं, आणि अस्तर निवेपर्यंत ते फिरत ठेवावंच लागतं. नकाशावर पंप आणि भट्टी वेगवेगळ्या वायरींवर. एकाचं दुसऱ्याशी नातं कुठेच काढलेलं नसतं.

बोर्डावर नेमकं तेच चाललं होतं. वीज देणाऱ्या चिपची बस टचच्या आधी झोपायची. मग टचचा ड्रायव्हर ‘माझी वीज काढा’ असं सांगायला जाई, तर ऐकणारं कोणी नसे. वीज तोडली गेलीच नाही म्हणून चिप अर्धवट अवस्थेत राही आणि उठल्यावर ड्रायव्हर तिला नव्यानं वीज मिळाल्याच्या समजुतीत बोलू लागे. अशा आडव्या नात्यांसाठी कर्नलमध्ये रीतसर सोय पुढे झाली. पोलंडचे राफाएल विसोत्स्की हे लिनक्समधल्या या विभागाचे अनेक वर्षांचे सांभाळकर्ते. त्यांनी घडवलेले डिव्हाइस लिंक २०१७च्या फेब्रुवारीत ४.१० आवृत्तीतून आले. पुरवठा करणारा कोण आणि वापरणारा कोण हे त्यात उघड लिहिता येतं. पुढे झोपलेल्या बसवर कोणी बोलू गेलं तर कर्नल लॉगमध्ये तसा इशाराही देऊ लागला. तोवर ज्याचा त्याला जुगाड करावा लागे.

जुगाडाविषयी त्यांची मतं कडक आहेत. उपकरणं एकामागून एक उठवण्याऐवजी समांतर उठवायची सोय २०१० मध्ये आली. यंत्रं चटकन उठू लागली, आणि लॉगची एक जादा ओळ छापली की नाहीसे होणारे दोषही आले. छापायला लागणाऱ्या वेळेमुळे कोण आधी उठतं या शर्यतीचा निकाल बदलतो. अशा वेळी मोह होतो तो पन्नास मिलिसेकंदांची थांबण्याची ओळ घालून मोकळं होण्याचा. ते आधी समांतर उठवणं बंद करून बघतात. दोष गेला तर कुठलंतरी नातं सांगायचं राहिलंय हे पक्कं. थांबणं प्रत्येक वेळी वाईट असंही नाही. पीसीआयचं उपकरण गाढ झोपेतून उठवल्यावर दहा मिलिसेकंद त्याला हात लावायचा नाही, हे मानकातच आहे. पण मग त्या ओळीवर मानकाचं कलम लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं. कलम सापडत नसेल तर ती ओळ म्हणजे सतरंजीखाली सारलेला कचरा समजावा आणि मंजूर करू नये.

दोष गेला हे तरी कसं ठरवायचं? यावर त्यांचे वरिष्ठांशी बरेच खटके उडाले. शंभरांत एकदा येणारा दोष असेल आणि दुरुस्तीनंतर शंभर वेळा यंत्र नीट उठलं, तर साहेब म्हणत, झालं काम. गणित तसं सांगत नाही. दोष जसाच्या तसा असला तरी शंभर वेळा ओळीनं नीट उठण्याची शक्यता ३७ टक्के असते. ती पाच टक्क्यांखाली न्यायला तीनशे खेपा लागतात. म्हणून यंत्र घड्याळाचा गजर लावून आपोआप झोपवायचं-उठवायचं आणि रात्रभर तसंच सोडून द्यायचं. बेळगावच्या जुलैत हे जमवणं ही वेगळीच कला. पावसात वीज गेली की चाचणीचं यंत्र बॅटरीवर तगतं, पण नोंदी घेणारं दुसरं यंत्र बंद पडतं. आता घरातला इन्व्हर्टर आधी त्या यंत्राला, मग पंख्याला. त्यावर घरचे काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

सीमाभागानं त्यांना एक दोष आयता दिला. रोमिंगचे पैसे पडायचे तो काळ. एका फोनची बॅटरी रात्रीत उतरते अशा तुरळक तक्रारी होत्या, बंगळुरच्या प्रयोगशाळेत मात्र तोच फोन गाढ झोपायचा. दिवाळीला ते निपाणीला आले आणि त्यांच्याच हातातला फोन सकाळी मेलेला. निपाणी कर्नाटकात, तिला लागून असलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीकरांचं देवचंद कॉलेज तिथेच. दूरसंचाराच्या हिशेबात कर्नाटक हे एक मंडळ, महाराष्ट्र-गोवा हे दुसरं. घरातल्या एका कोपऱ्यात एकाचा टॉवर, दुसऱ्या कोपऱ्यात दुसऱ्याचा. फोन रात्रभर दोन्हींमध्ये ये-जा करी, आणि प्रत्येक बदलाची वर्दी द्यायला मोडेम मुख्य प्रोसेसरला उठवी. ड्रायव्हर प्रत्येक वर्दीनंतर ठरावीक वेळ यंत्राला झोपू देत नसे. पुढची वर्दी त्याआधीच यायची. फोन एकदाही झोपला नव्हता.

अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये कोण किती वेळ झोप अडवतं याचा हिशेब असतो, त्यामुळे गुन्हेगार मिनिटांत सापडला. अडवण्याची ही कल्पना गूगलच्या लोकांनी २००९ मध्ये मूळ लिनक्ससाठी पुढे केली, तेव्हा तिच्यावर प्रचंड वाद झाला. तडजोडीचं रूप मूळ कर्नलमध्ये येईपर्यंत २०१२ उजाडलं. दुरुस्ती छोटी होती. पडदा बंद असताना सिग्नलची पट्टी आणि टॉवरचं नाव यांसाठी प्रोसेसरला उठवायचं नाही, कॉल आणि निरोप यांसाठीच उठवायचं. मात्र ती तपासायला दोन राज्यांच्या मध्ये असलेलं घर लागलं. पुढची काही वर्षं कंपनीचे नवे फोन चाचणीसाठी निपाणीला येत राहिले आणि त्यांच्या आईच्या खाटेखाली त्यांची रांग लागे. शेजारच्या बायका म्हणत, पोरानं फोनचं दुकान काढलंय.

अलीकडे तक्रारींचा चेहराच पालटलाय. पूर्वी यंत्र उठत नसे, आता झोपत नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपांतून एस-थ्री काढूनच टाकलंय. त्याऐवजी यंत्र नावाला जागंच राहतं आणि आतला प्रत्येक भाग आपापल्या परीनं निजतो. लिनक्समध्ये ही सोय २०१३ मध्ये ३.९ आवृत्तीबरोबर आली. यात कोसळण्यासारखं फार काही नसतं. पण एक भाग जरी जागा राहिला, समजा डिस्कनं शेवटची पायरी उतरायला नकार दिला, तरी सगळी चिप वीज खात बसते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बेळगावहून बंगळुरला निघालेल्या त्यांच्या एका सहकाऱ्याचा लॅपटॉप लोंढ्याच्या पुढे बॅगेतच इतका तापला, की शेजारच्या प्रवाशानं जळकट वास येतोय म्हणून सगळा डबा जागा केला. पडदा काळा, झाकण मिटलेलं, लॉगमध्ये एकही चूक नाही. पुरावा होता तो एका आकड्यात. चिप सर्वांत खोल झोपेत किती मायक्रोसेकंद होती, याची नोंद इंटेलच्या यंत्रांत ठेवलेली असते. ती शून्य होती.

अशा दोषांना पीएम ट्रेसचा काडीचाही उपयोग नाही. आणि सध्या ते ज्या आर्म प्रोसेसरच्या बोर्डांवर काम करतात, तिथे तर ती युक्ती चालतच नाही. ती इंटेल घराण्यापुरतीच लिहिलेली आहे, शिवाय पुष्कळ बोर्डांच्या घड्याळाला सेलही नसतो. तिथे पुरावा टिकवायचा मार्ग वेगळा. मेमरीतला छोटा पट्टा राखून ठेवायचा, कर्नलनं शेवटच्या ओळी त्यात लिहायच्या, आणि वीज न तोडता नुसतं रीसेट केलं तर पुढच्या खेपेला त्या वाचायच्या. नवा बोर्ड हाती आला की ते दुसरं काही चढवण्याआधी हा पट्टा राखतात, मुद्दाम कर्नल पाडतात आणि अडकलेलं यंत्र आपोआप रीसेट करणाऱ्या वॉचडॉगनं ते परत सुरू केल्यावर मजकूर मिळतो का ते बघतात. मिळाला तरच झोपवण्याच्या चाचण्या सुरू. गेल्या महिन्यात आलेल्या बोर्डावर कर्नल चढवणारा बूटलोडरच सुरुवातीला सगळी मेमरी पुसून टाकत होता. बनवणाऱ्यांना तसं कळवलंय. त्यांनी बूटलोडरची नवी आवृत्ती पाठवतो म्हटलंय, आणि तोवर त्याही बोर्डाच्या टचस्क्रीनची तक्रार तशीच पडून आहे.